फी विचारण्याआधी: पेण-रोह्याची जुनी गाडी रॅलीत न्यायची तर

जुन्या गाडीचा मालक रॅलीच्या संयोजकाला पहिला प्रश्न विचारतो तो फीचा. “एन्ट्री किती?” प्रश्न रास्त आहे, पण खर्चाच्या यादीत फी बरीच खाली येते. रोह्याची एखादी फियाट मुंबईच्या रॅलीत नेऊन परत आणायची तर फीपेक्षा जास्त पैसे बहुधा पेट्रोलला लागतात, पेट्रोलपेक्षा जास्त कागदांना आणि कागदांपेक्षा जास्त गॅरेजला. तरी सुरुवात फीपासूनच करू, कारण तो विषय लवकर संपतो.

मोटारींच्या प्रदर्शनात मालकाने पैसे मोजून गाडी उभी करायची, ही रीत अमेरिकेतल्या ‘हॉट रॉड’ मेळ्यांत पक्की रुजलेली आहे. 1930 आणि 40 च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या घेतल्या, मडगार्ड नि बॉनेट काढून त्या हलक्या केल्या, इंजिनं फुगवली आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवल्या. 1932 ची फोर्ड त्यात सगळ्यात लाडकी. 1950 मध्ये ओकलंडला ग्रँड नॅशनल रोडस्टर शो सुरू झाला आणि या उद्योगाला प्रतिष्ठा आली. तिथल्या मोठ्या मैदानी मेळ्यांना हजारो गाड्या येतात, त्यामुळे गाडीवाला हाच संयोजकाचा गिऱ्हाईक. गाडीमागे साधारण साठ ते दीडशे डॉलर, महिनाभर आधी भरले तर कमी, गेटवर भरले तर जास्त. त्यात चालकाचा आणि एका सोबत्याचा पास, काचेवर लावायचा क्रमांक आणि दोन-तीन दिवसांची जागा एवढं मिळतं. बंदिस्त सभागृहातल्या शोचं गणित वेगळं: तिथे आधी फोटो पाठवून निवड व्हावी लागते.

आपल्याकडे चित्र उलट आहे. गाड्या मोजक्या, बघणारे उदंड. हॉर्निमन सर्कलला चाळीस जुन्या गाड्या उभ्या राहिल्या की सकाळी सातला गर्दी होते, आणि ती गर्दी पाहूनच प्रायोजक पैसे देतात. मालक इथे गिऱ्हाईक नसून पाहुणा कलाकार असतो. त्यामुळे क्लबच्या रॅलीत फी बहुतेक वेळा नाममात्र असते, कधी अजिबात नसते. त्याऐवजी क्लबचं सभासदत्व मागतात. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आणि 1919 पासून चालत आलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही दोन मुख्य दारं. सभासदत्वाची वर्गणी फीमध्येच धरून हिशेब करावा. असोसिएशनच्या सभासदाला विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर पाच टक्के, पण जास्तीत जास्त दोनशे रुपये, एवढी सूट मिळते. वर्गणी वसूल होण्याइतकी ती नाही, तरी मागून घ्यावी.

त्याच्या वर राजेशाही थाटाचे सोहळे. कार्टिएचा कॉन्कूर्स, म्हणजे जुन्या देखण्या गाड्यांची स्पर्धा, 2008 मध्ये मुंबईत सुरू झाला. 21 गन सॅल्यूटचा सोहळा जानेवारी 2023 मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. इथे पैसे भरून आत जाता येत नाही. गाडीची निवड होते, परीक्षक बोल्टाच्या माथ्यापासून आसनाच्या शिवणीपर्यंत सगळं मूळचंच आहे का ते बघतात. पेणच्या गल्लीतल्या पद्मिनीला तिथे जागा नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारणही नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, तिला पाहायला लोटणारं कोल्हापूर कुठल्या परीक्षकाचे गुण विचारत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मॉलचे, कॉलेजांचे, बिल्डरच्या नव्या टाउनशिपचे ‘ऑटो शो’. फी खरी इथे मागितली जाते, आणि सावध राहायचं तेही इथेच. फॉर्म भरण्यापूर्वी विचारा: फीमध्ये किती माणसांचे पास आहेत? जागा सावलीत की उन्हात? रात्री गाडी तिथेच ठेवायची असेल तर राखणदार कोणाचा? कार्यक्रम रद्द झाला, किंवा तुमची गाडी ‘वर्गात बसत नाही’ म्हणून परत पाठवली, तर पैसे परत मिळणार का? उत्तरं फोनवर न घेता व्हॉट्सॅपवर लेखी घ्या. आणि संस्थेचा कार्यक्रम असून यूपीआयचा क्रमांक कुणा एका माणसाच्या नावावर असेल तर पावती आल्याशिवाय पैसे सोडू नका.

आता खरा खर्च.

कागद: एमएच-06 च्या दारात

रायगडचं परिवहन कार्यालय पेणला आहे, म्हणजे रोहेकरांनाही पेणची फेरी चुकत नाही. पनवेलची एमएच-46 मालिका वेगळी झाली, पण पेण-रोह्याच्या गाड्या एमएच-06 च्याच. रॅलीला जाणारी गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्याने जाणार असेल तर तिची नोंदणी जिवंत हवी, विमा हवा, पीयूसी हवं. संयोजक फॉर्मसोबत या तिन्हींच्या प्रती मागतात आणि बहुतेक मालक नेमके इथे अडकतात.

पहिला गोंधळ नावाचा. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि आरसी बुक ट्रंकेत. मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 लागतो. विकत घेतलेल्या गाडीसाठी 29 आणि 30. मोटारीच्या नावबदलाची सरकारी फी 300 रुपये, दुचाकीची 150. खर्च फीचा नसतो, वारसांच्या सह्या गोळा करण्याचा असतो. एक भाऊ ठाण्याला, एक बहीण बडोद्याला, आणि फियाटवर हक्क सगळ्यांचा. ही कामं रॅलीची तारीख जाहीर झाल्यावर सुरू केली तर होत नाहीत.

दुसरा गोंधळ पंधरा वर्षांचा. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हे दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरलं. महाराष्ट्रात खासगी गाडीला वयाची अशी बंदी नाही. पंधरा वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, ते पाच वर्षं चालतं, मग पुन्हा. अर्ज फॉर्म 25 वर. मात्र दर पूर्वीचे राहिलेले नाहीत. मोटारीला 600 रुपयांत होणारं काम एप्रिल 2022 पासून 5,000 रुपयांचं झालं, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीला 10,000, दुचाकीला 2,000. आयात केलेली मोटार असेल तर 80,000, आयात दुचाकी 20,000. मुदत उलटून गेली असेल तर मोटारीला महिन्याला 500 रुपयांचा उशिराचा आकार वेगळा, आणि राज्याचा पर्यावरण करही वेगळा. बारा वर्षं पडवीत उभी असलेल्या गाडीचा हा आकडा आधी काढून घ्या. तो ऐकून काहींनी रॅलीचा विचार सोडलेला आहे.

नेहमीच्या नोंदणीतल्या जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटीही आली. राज्याने ठरवलेला दर मोटारीला 745 आणि दुचाकीला 450, वर जीएसटी, म्हणजे अनुक्रमे 879 आणि 531 रुपये. काळ्या पाटीवरची हाताने रंगवलेली पांढरी अक्षरं जातात, त्याचं दुःख पैशात मोजता येत नाही.

विंटेज नोंदणी घ्यावी का?

जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम घातले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न झालेली खासगी मोटार किंवा दुचाकी त्यात बसते. जुना ट्रक किंवा टेम्पो बसत नाही. फॉर्म 20 वर परिवहन पोर्टलवरून अर्ज करायचा, राज्याची समिती गाडी पाहते, आणि साठ दिवसांत नोंदणीपत्र मिळायला हवं. फी 20,000, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. नव्याने नोंदली तर क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात; आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

आता बेरीज करा. रोह्यातली 1972 ची फियाट, देशात बनलेली. नेहमीच्या मार्गाने दहा वर्षांत दोनदा नूतनीकरण, म्हणजे 20,000. विंटेज मार्गानेही पहिल्या दहा वर्षांचे 20,000. पहिल्या दशकात फरक जवळपास नाही! फरक वापरात आहे. विंटेज नोंदणीची गाडी फक्त रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, आणि त्यासाठी पेट्रोल-दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रविवारी मासळी आणायला अष्टमी गावाला, कुलदैवताला, अलिबागच्या किनाऱ्यावर, यांतलं काही नाही. ज्यांची फियाट महिन्यातून दोनदा सहज फिरते त्यांनी साधी नोंदणीच जिवंत ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आयात गाडीचं गणित मात्र एकदम बदलतं. आजोबांनी घेतलेली मॉरिस मायनर किंवा शेव्हरले असेल तर साधं नूतनीकरण दर पाच वर्षांनी 80,000, विंटेज दहा वर्षांना 20,000. तिथे विचार करायला जागाच नाही. जीपवाल्यांनी आरसी नीट वाचावी: महिंद्राने इथे जोडलेली विलीज वेगळी आणि महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावातून आलेली अमेरिकन विलीज वेगळी.

विम्यातही थोडा दिलासा आहे. 2022 च्या अधिसूचनेनुसार विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला त्रयस्थ-पक्ष विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट. फियाट 1100 चं इंजिन 1,089 सीसी, म्हणजे 1,000 ते 1,500 सीसीचा गट: त्या दरपत्रकात 3,416 रुपये, निम्मे 1,708, जीएसटी धरून सुमारे 2,015. अँबॅसडरही याच गटात. विलीज दोन हजार सीसीच्या पुढची, तिला पूर्ण हप्ता 7,897. पण हा विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा. रॅलीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या पोराने बॉनेटवर बूट ठेवला तर त्याची भरपाई यातून होत नाही. सर्वंकष विमा हवा असेल तर गाडीचं मूल्य कंपनीशी आधी ठरवून घ्यावं लागतं. पन्नास वर्षांच्या गाडीचं मूल्य घसाऱ्याच्या कोष्टकात शोधायला गेलात तर टायरांची किंमतही निघणार नाही.

एक मोह इथेच मोडून टाकतो. ‘खर्च लग्नाच्या भाड्यातून काढू’ असं अलिबाग-नागावच्या रिसॉर्टांकडे बघून अनेकांना वाटतं. विंटेज नोंदणीच्या गाडीला व्यावसायिक वापर बंद आहे, आणि पांढऱ्या पाटीच्या साध्या खासगी गाडीलाही भाड्याने धावता येत नाही.

बदललेली गाडी

हॉट रॉडचं वेड आपल्याकडे जीपच्या रूपात आलं आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीहून उघड्या, रुंद टायरांच्या, नवं डिझेल इंजिन घातलेल्या जीपा मोबाइलवर विकायला दिसतात, आणि रायगडच्या चिखलवाटांसाठी त्या घ्याव्याशा वाटतात. घेण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करून गाडी चालवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायर एक, बंपर दोन, इंजिन तीन, असं मोजत जा. अशी गाडी प्रदर्शनात न्यायची तर दोराने ओढत न्यायचीही नाही, फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायची, आणि संयोजक ‘मॉडिफाइड’ वर्ग ठेवतो का ते आधी विचारायचं. विंटेज क्लब ठेवत नाहीत.

पद्मिनीवाल्यांनाही इथेच एक सूचना. 1974 च्या सुमारास आलेलं पद्मिनी हे नाव 2000 च्या उंबरठ्यापर्यंत चाललं, त्यामुळे पेण-रोह्यात उरलेल्या बऱ्याच पद्मिनी पन्नाशीच्या आतल्याच आहेत. त्या कायद्याने विंटेज नाहीत, पण क्लब तीसेक वर्षं हीच मर्यादा धरत असेल तर ‘क्लासिक’ वर्गात चालतात. जुन्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिवा, त्याची मर्यादाही तीस वर्षांची आहे. त्याहून मागे जायचं तर 1950 च्या दशकातली गुबगुबीत फियाट, जिला सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ती आजही कुठल्याही रॅलीत पद्मिनीपेक्षा जास्त माणसं गोळा करते.

गॅरेज आणि पेट्रोल

उभ्या गाडीत सगळ्यात आधी जातं ते रबर. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरच्या गॅस्केटी त्याला टिकत नाहीत. रॅलीआधी या नळ्या नि कार्ब्युरेटरचा किट बदलून घ्या. सुटे भाग महाग नाहीत, महाग आहे ते रस्त्यात गळणारं पेट्रोल आणि त्यावरची ठिणगी. टाकीत गंज असेल तर ती उतरवून धुवावी लागते. त्यानंतर ब्रेकचे सिलिंडर, मग रेडिएटर, मग टायर. रंग, क्रोम आणि कुशन शेवटी. बहुतेक मालक हे नेमकं उलट्या क्रमाने करतात: गाडी आरशासारखी चमकते आणि कर्नाळ्याच्या चढाला उकळते.

भाग शोधायला मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार. तिथे जाताना जुना भाग पिशवीत घालून न्या, नाव सांगून काही मिळत नाही. पेण-रोह्यात लेथवाला अजून मिळतो, आणि बुश, पिन, छोटा शाफ्ट तो मुंबईच्या निम्म्या वेळात करून देतो. मेकॅनिकशी मजुरी ठरवताना एकच आकडा बोलू नका. ‘इंजिन उघडलं तर किती, न उघडता चालू झालं तर किती’ असे दोन आकडे घ्या. उघडल्यावर निघणाऱ्या कामाचा अंदाज कुणालाच नसतो, मेकॅनिकलाही.

रस्ता

पेणहून दक्षिण मुंबई साधारण ऐंशी किलोमीटर. रोह्याहून कोलाड किंवा नागोठण्याने महामार्गाला लागून एकशे वीसच्या आसपास. रोह्याची फियाट जाऊन-येऊन, शहरात थोडी फिरून 280 किलोमीटर धरू. लिटरला दहा किलोमीटर आणि 105 रुपयांचं पेट्रोल धरलं तर 2,940 रुपये. विलीज असेल तर चार हजारांच्या पुढे.

ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल नाही, म्हणून वाशीमार्गे गेलात तर तिथला खर्च शून्य. अटल सेतूवर मोटारीला एका फेरीचे 250, परतीसह 375. वेळ वाचतो, पण सेतूवर गाडी बंद पडली तर बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसण्याची ती जागा नाही. चढावर ताशी चाळीसच्या वर जायचं नसतं, पण दम लागलेल्या विलीजला तो चढही अवघड आहे. मी तरी जुन्या गाडीला वाशीच सुचवीन. दुचाकीला अटल सेतूवर प्रवेशच नाही, त्यामुळे जावावाल्यांना पर्याय उरत नाही.

फ्लॅटबेडचा भाव विचारताना एकच वाक्य विचारा: जाऊन-येऊन, थांबण्यासह, टोलसह किती? एका बाजूचा भाव सांगितला तर परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे नंतर तुमच्याच माथी येतात. पेणच्या दोन-तीन मालकांनी एकाच दिवशी जायचं ठरवलं तर वाहतूकदाराशी घासाघीस करायला जोर येतो. गणपतींच्या आधीचे दोन महिने मात्र पेणमध्ये वाहतुकीची कुठलीही गाडी स्वस्तात मिळायची नाही. हमरापूर-जोह्याच्या मूर्ती त्या वेळी सगळा रस्ता व्यापतात. सुदैवाने रॅलींचा मोसम हिवाळ्याचा.

रॅली सकाळी आठला सुटते, म्हणजे सातला उभं राहायचं, म्हणजे रोह्याहून पहाटे साडेतीनला निघायचं. जुन्या हेडलाइटच्या पिवळ्या उजेडात महामार्गावर ट्रेलरांच्या मधून हे करू नये. आदल्या दुपारी निघून पनवेलला मुक्काम करा. गेट असलेल्या पार्किंगचं लॉज मुंबईपेक्षा तिथे स्वस्त मिळतं. घरच्यांना दिवा-रोहा मेमूने बोलावलं तर गाडीतलं वजनही कमी होतं.

दुचाकी

रोह्यात धाटावच्या कारखान्यांमुळे जुन्या दुचाकी भरपूर आहेत: राजदूत, येझदी, चेतक, क्वचित लॅम्ब्रेटा. यांचा खर्च मोटारीच्या पावपट. वीस वर्षांवरच्या देशी दुचाकीचं नूतनीकरण 2,000, त्यामुळे 20,000 ची विंटेज नोंदणी घेण्यात अर्थ नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा दिवस साजरा होतो, त्या दिवशी गावोगावचे जावा-येझदीवाले जमतात. तिथे फी नसते, फार तर चहा-वड्याची वर्गणी. पहिल्यांदाच गाडी बाहेर काढत असाल तर मुंबईच्या रॅलीपेक्षा ही बैठक बरी. अट एकच, जुलैत रायगडात पाऊस असतो, मॅग्नेटो झाकून घ्या.

पैसे अडकले तर

फी घेऊन कार्यक्रम झालाच नाही, किंवा जाहीर केलेली जागा, पास, बक्षीस दिलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी आहे. आधी संयोजकाला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्याने भागलं नाही तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. रॅलीत गाडीला ओरखडा गेला तर मात्र फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरांत ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं बहुधा लिहिलेलं सापडेल. म्हणून गाडी उभी केल्या केल्या चारही बाजूंचे फोटो घ्यावेत, त्यात वेळ दिसावी.

क्रम लावायचा तर असा: गौरी-गणपती आटोपले की आरसी बाहेर काढा आणि नाव, मुदत, आयात की देशी हे तपासा. दसऱ्यापूर्वी विम्याच्या प्रतीसह पेणच्या कार्यालयाकडे अर्ज पडला तर विंटेज नोंदणीचे साठ दिवस डिसेंबरात संपतात. तेवढ्या वेळात गॅरेजचं काम, दिवाळीनंतर पीयूसी. संयोजकाचा फॉर्म आणि त्याची फी त्यानंतर भरा.